मट्रांगा मर्क्युरी पुन्हा घडवताना

कॅलिफोर्नियातल्या बॅरिस बंधूंनी निक मट्रांगा यांच्यासाठी 1940 च्या मर्क्युरी गाडीला दिलेलं रूप कस्टम गाड्यांच्या जगात आजही मानदंड मानलं जातं. छत कापून खाली आणलेलं, दारामागचा खांब काढलेला, खिडकीची चौकट मागे झोकदार वळलेली. कोरियन युद्धाच्या काळात मट्रांगा लष्करात गेले, गाडी विकली गेली आणि पुढे अपघातात संपली. त्यामुळे प्रतिकृती करणाऱ्याच्या हाती उरतात जुनी छायाचित्रं. खिडकीचं ते वळण साधलं, तरच गाडी साधली. बाकी सगळं त्यानंतर.

दुखणं अंगावर असताना अशी प्रतिकृती करण्याचं काम हाती घेणाऱ्यांनी मात्र जपायलाच हवं. त्या काळी गाडीच्या पत्र्याचे सांधे शिसं-कथलानं भरत. ते कोरडं घासलं की विषारी धूळ फुप्फुसात जाते. म्हणून सँडर नको, कानस वापरा आणि जेवणाआधी हात स्वच्छ धुवा. हार्डनर घातलेल्या रंगातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो आणि कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी ठरतो. श्वासाचा त्रास असेल तर रंगकाम सरळ दुसऱ्याकडे सोपवा. पेसमेकर बसवला असेल, तर वेल्डिंगआधी डॉक्टरांना विचाराच.