‘लोकल’ शब्दाचें गौडबंगाल

शब्द दिसला कीं धातु शोधावयाची खोड आमच्या गुरुजींनीं आम्हांस लावली, ती निवृत्तीनंतरहि सुटलेली नाहीं. घाटकोपरास बिऱ्हाड केल्यापासून कानांवर सतत पडणारा शब्द म्हणजे ‘लोकल’. प्रथम वाटलें, हा आपल्या ‘लोक’ शब्दाचाच कोणी नातलग असावा. लोकांना वाहून नेते ती लोकल! पण तसें नाहीं. इंग्रजी शब्द लॅटिन ‘लोकुस्’ म्हणजे स्थान यापासून आला. आपल्या ‘लोका’चा लॅटिन भाऊबंद ‘लूकुस्’, म्हणजे देवराई. तो अगदीं निराळा.

मूळचें हें विशेषण. १९२५ सालीं कुर्ल्यापर्यंत आणि १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या आल्या, उपनगरें वाढलीं आणि बोलण्याच्या घाईंत ‘गाडी’ गळाली. गाडी स्त्रीलिंगी, म्हणून लोकलहि स्त्रीलिंगी: लोकल आली, लोकल चुकली. अंधेरीच्या फलाटावरील उतारूंनीं व्याकरणकारास न विचारतां केलेला हा नियम, पण आम्ही त्यास पुरे गुण देऊं.

विशेषण मात्र मेलें नाहीं. तें बाजारांत जाऊन बिघडलें. दुकानदार ‘हा माल कंपनीचा, तो लोकल’ म्हणतो, तेव्हां दुसरा हलका समजावा. तरुण मंडळी तर माणसासहि ‘अगदींच लोकल’ म्हणतात. संस्कृतांत ‘ग्राम्य’ शब्दाची हीच गत झाली. पण तेथें निदान नागरांनीं गांवकऱ्यांस नांवें ठेविलीं होतीं. येथें मुंबईकरच ‘येथला’ म्हणून हिणवितो!

गेल्या वर्षीं आमच्या पुतणीकरितां एका स्नेह्यांनीं मुलुंडचें स्थळ सुचविलें. निरोपांत लिहिलें, ‘मंडळी लोकल आहेत’. म्हणजे मुंबईचींच, मुलीस दूर धाडावें लागणार नाहीं. निरोप वाचून घरांतील मुलें हंसलीं. वहिनींनीं कारण विचारलें आणि मुलांनीं सांगितलेला अर्थ ऐकून आम्हांस न कळवितां नकार धाडला.

पंधरा दिवसांनीं आम्हांस तें समजलें, तेव्हां आम्ही तडक निघालों. विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर आणि मुलुंड, पांचवेंच स्थानक. मंडळी सालस, घर पुस्तकांनीं भरलेलें. यजमानांनीं आग्रहानें चहा दिला आणि संकोचानें सांगितलें कीं, मुलाचें चार दिवसांपूर्वींच दुसरीकडे ठरलें.

घरीं आल्यावर वहिनींना स्नेह्यांच्या निरोपाचा अर्थ सांगितला. त्या कांहीं न बोलतां आंत गेल्या.