सणाचे दिवस आणि आपले शरीर

रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात समुद्रकाठी थळ नावाचे गाव वसले आहे. गावच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की समोर खांदेरी व उंदेरी हे दोन जलदुर्ग दिसतात. येथील कोळी बांधवांचे जीवन समुद्राशी जखडलेले आहे. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांनी मासेमारी करण्यास बंदी असते. त्यानंतर येते श्रावणातील नारळी पौर्णिमा. त्या दिवशी होड्यांना पताका लागतात, समुद्राला नारळ अर्पण केला जातो आणि घरोघरी नारळीभाताचा सुगंध दरवळतो. पुढे गणपती येतात, दिवाळी येते. लाडू, करंज्या, चकल्या यांनी डबे भरतात.

सणाला पाहुणे येतात. पुष्कळ दिवसांनी भेट झालेली असते, म्हणून त्यांचे लक्ष प्रथम मुलांच्या शरीराकडे जाते. “काय रे, किती वाळलास!” असे मामा म्हणतात. “केवढी सुटलीस गं! आणि उन्हात हिंडून काळी पडलीस,” असे आत्या म्हणते. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा मायाच असते. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात शब्द काट्यासारखा रुततो. मग कोणी ताटावरून अर्धपोटी उठतो, कोणी नवे कपडे घालण्यास लाजते, तर कोणी नाचगाण्यात न मिसळता कोपऱ्यात बसून राहतो. आनंदाचा दिवस असा उदासपणे जावा, हे योग्य नव्हे.

यावर उपाय म्हणजे आपले शरीर नीट समजून घेणे. अकरा ते तेरा हे वय झपाट्याने वाढण्याचे असते. मुलींची ही वाढ साधारणपणे दहाव्या-अकराव्या वर्षी सुरू होते. मुलांची त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. वाढीच्या ऐन भरात वर्षभरात सुमारे ८ ते ९ सेंटिमीटर उंची वाढते. सर्वांची वाढ एकाच वेळी होत नाही. कोणाचे अंग आधी भरते व उंची मागाहून वाढते; कोणी आधी उंच होतो व मग अंगाने भरतो. म्हणून एकाच वर्गातील दोन मुलांत वीतभर अंतर दिसले, तरी दोघेही निरोगी असू शकतात. आईवडिलांकडून आलेली शरीराची ठेवणही प्रत्येकाची निराळी असते.

त्वचेच्या रंगाचेही तसेच आहे. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. उन्हातील अतिनील किरण अंगावर पडू लागले, म्हणजे त्वचा हे द्रव्य अधिक प्रमाणात तयार करते आणि आतील पेशींचे रक्षण करते. वाळूत खेळून सावळा झालेला चेहरा कुरूप झालेला नसतो. शरीराने त्यावर जणू छत्रीच धरलेली असते.

आता फराळाचा विचार करू. थळच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते व दोनदा ओहोटी लागते. म्हणून काही समुद्र वाढत नाही किंवा आटत नाही. आपले वजनही असेच थोडेफार खालीवर होत असते. खारट पदार्थ अधिक खाल्ले, की शरीरात पाणी काही काळ साठून राहते व काटा थोडा पुढे सरकतो. नेहमीचे जेवण सुरू झाले, की तो पुन्हा मागे येतो. दोन लाडू अधिक खाल्ल्याने कोणाचे शरीर बिघडत नाही. भूक असेल तितके खावे, पोट भरले म्हणजे थांबावे, एवढे पुरेसे आहे.

याउलट, वजनाच्या भीतीने उपाशी राहणे मात्र घातक ठरते. मोठेपणी आयुष्यभर पुरणाऱ्या हाडांचा मोठा भाग याच वयात घडतो. त्यासाठी भात, भाकरी, डाळ, दूध, भाज्या असा चौरस आहार हवा. काट्यांसह खाल्ली जाणारी मांदेलीसारखी छोटी मासळी हाडांना कॅल्शियम पुरविते. या वयात शरीराला उपाशी ठेवणे म्हणजे अर्धवट बांधलेल्या होडीच्या फळ्या काढून घेण्यासारखे आहे.

शरीराची खरी परीक्षा त्याच्या दिसण्यावरून होत नाही. ते काय करू शकते, यावरून होते. उथळ पाण्यात छोटी होडी सहज जाते, तेथे मोठी नौका रुतून बसते. खोल समुद्रात मात्र मोठ्या नौकेचेच काम. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव हे काही धिप्पाड देहाचे नव्हते. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये ते ५७ किलो वजनाच्या गटात लढले आणि त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. शरीरे निरनिराळी असतात, हे ओळखूनच तर कुस्तीत वजनाचे गट पाडलेले आहेत.

म्हणून पाहुण्यांनी काही म्हटले, तर रागावू नये आणि खचूनही जाऊ नये. “मामा, मी आता वाढीच्या वयात आहे. चला, आमची होडी कशी सजवली आहे ती दाखवतो,” असे नम्रपणे सांगावे. मुलांनी आपसांतही ‘जाड्या’, ‘काडी’, ‘बुटकी’ अशी नावे ठेवू नयेत. दुसऱ्याचे मन दुखवून मिळालेले हसू सणाला शोभत नाही. शरीराविषयीची चिंता मनातून जात नसेल, तर ती आईवडिलांना, शिक्षकांना किंवा डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी.

नारळी पौर्णिमेला कोळी बांधव आपली होडी लहान आहे की मोठी, हे पाहत बसत नाहीत. वर्षभर साथ देणारी म्हणून ते तिची पूजा करतात. आपले शरीरही जन्मभर आपल्याला साथ देणारे आहे. त्याची निगा राखावी, त्याला पोटभर अन्न द्यावे आणि त्याचा मान राखावा.

स्वाध्याय
१. एकाच वर्गातील मुलांच्या उंचीत फरक का दिसतो?
२. भरती-ओहोटीचे उदाहरण लेखात कशासाठी दिले आहे?
३. तुमच्या मित्राला कोणी नावे ठेवली, तर तुम्ही काय कराल? पाच-सहा वाक्यांत लिहा.