अंगणातील वेधशाळा

आकाशाचा अभ्यास म्हटला की डोळ्यांपुढे प्रचंड दुर्बिणी, गगनभेदी अग्निबाण आणि यंत्रांनी भरलेल्या प्रयोगशाळा उभ्या राहतात. साहजिकच, हे शास्त्र थोरामोठ्यांचे, शाळकरी मुलांचे ते काम नव्हे, अशी समजूत होते. ती दूर करण्याचे कार्य उन्हाळ्याच्या सुट्टीत भरणारी अवकाशविज्ञानाची शिबिरे करतात. तेथे व्याख्याने थोडी आणि हातांना काम फार. मुले ऐकून नव्हे, तर स्वतः करून शिकतात.

शिबिराचे पहिले साधन म्हणजे एक मीटर उंचीची सरळ काठी. सपाट जमिनीवर ओळंबा धरून ती अगदी उभी रोवली की वेधशाळा सिद्ध झाली! भारतातील प्राचीन ज्योतिषी अशा काठीला ‘शंकू’ म्हणत आणि तिच्या सावलीवरून दिशा व वेळ ठरवीत. मुले दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करतात. सावली आखडत जाते, एका क्षणी सर्वांत लहान होते आणि पुन्हा वाढू लागते. तो क्षण म्हणजे त्या गावची खरी मध्यान्ह. घड्याळात पाहावे, तर बारा केव्हाच वाजून गेलेले असतात! भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि महाराष्ट्र त्या रेषेच्या पश्चिमेस आहे. म्हणून येथे सूर्य माथ्यावर येण्यास उशीर लागतो.

मे महिना या अभ्यासाला विशेष अनुकूल असतो. सूर्य उत्तरेकडे सरकत असताना महाराष्ट्रातील एकेका गावाच्या बरोबर डोक्यावर येतो आणि त्या दिवशी मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. कोल्हापुरास हा योग ६-७ मेच्या सुमारास, पुण्यास १३-१४ मेच्या सुमारास, तर नागपुरास २६ मेच्या सुमारास येतो.

आता असे कल्पावे, की एक शिबिर कोल्हापुरास आणि दुसरे नाशिकास भरले आहे. ज्या दिवशी कोल्हापुरातील काठीला सावली नसते, त्याच दिवशी मध्यान्ही नाशिकच्या एक मीटर काठीची सावली सुमारे ५.८ सेंटिमीटर पडते. सूर्य फार दूर असल्यामुळे त्याचे किरण दोन्ही गावी समांतरच येतात. मग हा फरक का? पृथ्वी गोल आहे, आणि म्हणून दोन्ही काठ्या एकाच दिशेने उभ्या नाहीत. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ६२८ सेंटिमीटर असतो. ५.८ सेंटिमीटर हा त्याचा सुमारे १०८ वा भाग होय. अर्थात नाशिक आणि कोल्हापूर यांमधील दक्षिणोत्तर अंतर, म्हणजे सुमारे ३६५ किलोमीटर, हे पृथ्वीच्या परिघाचा १०८ वा भाग असले पाहिजे. गुणाकार केला की उत्तर येते ३९,४२० किलोमीटर. खरा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे! सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरात एराटोस्थेनिस या विद्वानाने याच युक्तीने पृथ्वी मापली होती.

परंतु खरी कसोटी येथूनच सुरू होते. सूर्य हा बिंदू नसून तबकडीसारखा दिसतो, त्यामुळे सावलीची कड पुसट असते. एकाच सावलीचे माप एक मुलगा ५४ मिलिमीटर सांगतो, तर दुसरी मुलगी ६१. पहिल्या मापावरून पृथ्वीचा परीघ सुमारे ४२,४०० किलोमीटर येतो; दुसऱ्यावरून सुमारे ३७,६००. एका मिलिमीटरच्या चुकीने सातशे किलोमीटरचा फरक पडतो! अशा वेळी पुस्तकातील उत्तर पाहून वहीतील आकडा हळूच बदलावा, असा मोह कोणालाही होईल. तो आवरणे हाच शिबिराचा सर्वांत कठीण पाठ होय. जे दिसले तेच लिहावे, आणि चुकीचे कारण शोधावे.

कारण सापडले की उपायही सापडतो. काठीच्या टोकाशी जाड कागदाचा आडवा तुकडा बसवून त्याला टाचणीने भोक पाडले, की जमिनीवर प्रकाशाचा एक लहानसा वाटोळा ठिपका पडतो. हे सूर्याचेच प्रतिबिंब! भोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून ठिपक्याच्या मध्यापर्यंत मोजले की माप नेमके मिळते. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून पाहणे धोक्याचे असते. या युक्तीने तो धोकाही टळतो. शिवाय हा ठिपका आणखी एक गुपित सांगतो. एक मीटर उंचीवरून पडलेल्या ठिपक्याचा व्यास सुमारे ९ मिलिमीटर, म्हणजे उंचीच्या जवळजवळ १०७ वा भाग असतो. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे; त्यास १०७ ने भागले की त्याचा व्यास कळतो: सुमारे १४ लक्ष किलोमीटर. टाचणीच्या भोकातून सूर्य मापला जातो!

हाताने काम करूनच भारताचे अवकाशयुग सुरू झाले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या मच्छीमारांच्या खेड्यातून पहिला अग्निबाण उडाला. तेव्हा तेथील एका चर्चची इमारत संशोधकांच्या उपयोगी पडली आणि अग्निबाणाचे भाग सायकलवरून वाहून नेण्यात आले. त्यानंतर साठ वर्षांच्या आत, २३ ऑगस्ट २०२३ रोजी, चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरले. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २०१९ साली नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘युविका’ हा उपक्रम सुरू केला, तोही याच विश्वासाने.

शिबिर संपते, मुले घरी जातात. परंतु काठी, टाचणी आणि मोजपट्टी ही साधने प्रत्येक घरी असतात, आणि सूर्य तर सर्वांच्याच अंगणात येतो. त्याच्या सावलीचे खरे माप वहीत उतरविण्याची निष्ठा ज्याच्यापाशी आहे, त्याची वेधशाळा त्याच्या दारातच उभी असते.