जहाजामागचं घर

नौदल म्हटलं की आपण जहाजांची नावं घेतो. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत विक्रांत नौदलात दाखल झाली आणि त्याच दिवशी शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन नौदलाच्या ध्वजावर आला, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. त्या जहाजावर सुमारे सोळाशे माणसं राहतात, आणि त्यांतले बहुसंख्य अधिकारी नव्हेत, नौसैनिक असतात. या नौसैनिकाचं घर हेही नौदलाचंच एक अंग आहे, असं माझं ठाम मत आहे. हिशेब मांडताना नेमकं तेच वगळलं जातं.

नोकरीची सुरुवात ओडिशातल्या चिल्का इथल्या प्रशिक्षणाने होते. इंजिनाची शाखा मिळाली तर पुढे लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी, रसदीची मिळाली तर मालाडचं हमला. मग मुंबई, कारवार, कोची, विशाखापट्टणम, जिथे बदली होईल तिथे. समुद्रावर दिवस पहाऱ्यांत वाटलेला असतो. चार-चार तासांचे वॉच, फक्त दुपारी चार ते रात्री आठ या वेळाचे दोन-दोन तासांचे दोन भाग. त्यामुळे दिवसाचे पहारे सहाऐवजी सात होतात, पाळ्या सरकत राहतात आणि मध्यरात्री बारा ते चारचा जीवघेणा पहारा रोज एकाच्याच गळ्यात पडत नाही. किती साधी आणि न्यायाची युक्ती! घरी मात्र पाळी सरकत नाही. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मुलाची सहामाही, गॅसचा नंबर, सगळे पहारे त्याच्या बायकोच्या एकटीचेच. बदली झाली की क्वार्टर मिळेपर्यंत भाड्याची खोली, पोरांना नवी शाळा आणि कानावर नवी भाषा.

कुणी म्हणेल, व्यापारी जहाजावरचा खलाशी किंवा आखातातला कामगारही महिनोन् महिने दूर असतो, मग यांचंच कौतुक कशाला? विरह सारखाच, पण बांधिलकी वेगळी. खलाशाच्या कराराला मुदत असते आणि नको झालं तर पुढचा करार न करण्याची मोकळीक असते. युद्धनौका कुठे निघाली, कधी परतणार, हे नौसैनिक घरीही सांगू शकत नाही आणि मनात आलं म्हणून नोकरी सोडू शकत नाही. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ खुकरी ही युद्धनौका बुडाली, तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचं नाव देशाने जपलं, ते जपायलाच हवं. त्या १७६ घरांची नावं मात्र फारशी कुणी घेत नाही.

एवढं सगळं ही घरं सोसत आली ती पंधरा वर्षांनंतरच्या पेन्शनच्या भरवशावर. ती खैरात नव्हे, घराने केलेल्या नोकरीचा तो पगार आहे. २०२२ पासून बहुतेक भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षं सेवा, आणि चौघांतला फार तर एक कायम. दल तरुण राहावं, पेन्शनचा बोजा आटोक्यात यावा, हा सरकारचा युक्तिवाद पोकळ नाही. जहाजाला तरुण हात हवेतच. पण इंजिनाचा सूर किंचित बदलला की ओळखणारा मास्टर चीफचा, म्हणजे ज्येष्ठ नौसैनिकाचा, कान चार वर्षांत तयार होत नाही. बाहेर पडणाऱ्या तिघांना प्रत्येकी सुमारे पावणेबारा लाख मिळतात, पेन्शन मिळत नाही. निदान तांत्रिक शाखांत तरी कायम होणाऱ्यांचं प्रमाण सरकारने वाढवावं.