भजी तेल पितात ती नेमकी कधी?

पावसाळ्यात भोपाळमध्ये बिट्टन मार्केटच्या भाजीहाटात कोवळी गिलकी दिसली की अरेरा कॉलनीतल्या मराठी घरांना संध्याकाळचा बेत विचारावा लागत नाही. गिलकी म्हणजे आपलं घोसाळं. शेजारच्या हिंदी घरात त्याचे भजिये, मराठी घरात भजी. कढईभोवतीचे गैरसमज मात्र दोन्हीकडे सारखेच.

पहिला मान सोड्याचा. तो घातल्याशिवाय भजी कुरकुरीत होत नाहीत, असं ठामपणे सांगितलं जातं. सोड्यानं भजी फुगतात, हलकी होतात, कुरकुरीतपणा वेगळा. सोडा हात सैल सोडून घातला, तर आवरणाला छिद्रं पडतात आणि तेलाला आत शिरायला वाट मिळते. शिवाय पिठात दही-लिंबू असं आंबट काही नसेल, तर सोडा तापून सोडियम कार्बोनेट उरतं, म्हणजे धुण्याचा सोडाच! जिभेवर साबणासारखी चव येते ती त्याची. बोल लावला जातो बेसनाला. कुरकुरीत आवरण हवं असेल, तर चार चमचे बेसनाला एक चमचा तांदळाची पिठी आणि थोडं कडकडीत मोहन घालावं.

आता तेलाचं. ‘आच मोठी ठेवली की भजी तेल पितात’ ही समजूत तर नेमकी उलटी आहे. तेल १७० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलं असलं की भाजीतलं पाणी वाफ होऊन जोरानं बाहेर पडतं आणि तेलाला आत येऊ देत नाही. ते बुडबुडे म्हणजे ही बाहेर पडणारी वाफ. कोमट तेलात वाफेचा जोर कमी, आवरण उशिरा धरतं, भजी गिळगिळीत. पिठाचा थेंब टाकावा. तळाशी रेंगाळला तर थांबावं, लगेच वर आला तर पहिला घाणा सोडावा. एका वेळी कढई गच्च भरली की तापलेलं तेलही थंडावतं, हे घाईत विसरलं जातं.

खरी गंमत पुढेच आहे. बरंचसं तेल तळताना नव्हे, भजी कढईबाहेर काढल्यावर आत जातं. निवताना आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झारा क्षणभर कढईवरच झटकावा आणि भजी जाळीवर एकेरी पसरावीत. कागदावर ढीग रचला, तर खालची भजी वाफेनं मऊ पडतात.

खेकडा भजीत पाणी घालायचं, हा आणखी एक हट्ट. उभा चिरलेला कांदा मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवला की त्याला पुरेसं पाणी सुटतं. त्यात मावेल तेवढंच बेसन घालावं. घोसाळ्याला मात्र सरबरीत पीठ लागतं, कारण चकती त्यात बुडवायची असते.

राहता राहिलं उरलेलं तेल. गाळून घेतलं की ते पुन्हा नवं होतं, असं नाही. गाळणीत जळके कण अडकतात, तापून बदललेले घटक तेलातच राहतात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, १ जुलै २०१८पासून खाद्य व्यावसायिकांच्या तळणाच्या तेलात अशा ध्रुवीय घटकांची कमाल मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. घरात हे मोजायचं साधन नसतं. तेल काळपट, चिकट झालं किंवा तापताना फेस धरू लागलं, तर ते टाकावं. बरं असेल तर दोन-चार दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवावं.