न्यूट्रॉन तारा आणि स्पंदक : निर्मिती व स्वरूप

सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याच्या गाभ्यात अखेरीस लोह साचते. लोहाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नसल्याने, गाभ्याचे वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेच्या, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पटीच्या, पलीकडे जाताच तो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने कोसळतो. इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांच्या संयोगातून न्यूट्रॉन बनतात. बाह्य थर अतिनवताऱ्याच्या स्फोटात फेकले जातात आणि सुमारे २० ते २५ किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा उरतो. आकुंचनात कोनीय संवेग कायम राहत असल्यामुळे त्याचे परिवलन अतिशय वेगवान होते. चुंबकीय अक्ष परिवलनाच्या अक्षाशी कललेला असल्यास प्रारणाचा झोत दीपगृहाच्या प्रकाशाप्रमाणे फिरतो आणि तो पृथ्वीवर पडताना प्रत्येक वेळी स्पंद नोंदला जातो. म्हणजेच 'स्पंदक' हे नाव रूढ असले, तरी तारा स्वतः स्पंदन पावत नाही.

याचा पुरावा वृषभ राशीतील क्रॅब तेजोमेघात मिळाला. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी नोंदविलेल्या स्फोटाच्या या अवशेषात १९६८ मध्ये स्पंदक सापडला. तो सेकंदाला सुमारे ३० फेऱ्या घेतो. इतक्या वेगाने फिरणारा श्वेतबटू अखंड राहूच शकत नाही. त्याचे परिवलन मंदावत असून, त्यातून मुक्त होणारी ऊर्जाच तेजोमेघाला आजही प्रकाशमान ठेवते.