संगणकशिक्षण : अभ्यासक्रम मागे का पडतो?

माहिती तंत्रज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणाला नोकरी देणारी कंपनी पहिले काही महिने पुन्हा वर्गातच बसवते, याचे आता कोणाला आश्चर्य वाटत नाही. नवपदवीधरांच्या प्रशिक्षणासाठी इन्फोसिसने २००५ साली म्हैसूर येथे मोठे केंद्रच उभारले. इतर मोठ्या कंपन्यांनीही अशीच व्यवस्था केली. विद्यापीठात तीन-चार वर्षे शिकवलेला विषय कंपनीला पुन्हा का शिकवावा लागतो, या प्रश्नाला 'अभ्यासक्रम जुना आहे' असे ठरलेले उत्तर दिले जाते. ते खोटे नसले तरी अपुरे आहे.

भारतात या शिक्षणाचा आरंभ झाला, तेव्हा यंत्रे दुर्मीळ होती आणि विद्यार्थी मोजके होते. १९६३ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अमेरिकेच्या साहाय्याने आयबीएम १६२० हा संगणक दाखल झाला आणि विद्यार्थ्यांना फोरट्रान भाषेतील आज्ञावली लिहिण्यास शिकवले जाऊ लागले. तेथील प्राध्यापक व्ही. राजारामन यांनी वर्गातील टिपणांवरून तयार केलेले स्वस्त पाठ्यपुस्तक पुढे देशभरच्या महाविद्यालयांत पोहोचले. अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या विज्ञान व अन्य शाखांच्या पदवीधरांसाठी ऐंशीच्या दशकाच्या आरंभी सुरू झालेला एमसीए हा अभ्यासक्रमही त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीतून आला.

पंचकार्डांच्या त्या काळात एका ओळीसाठी एक कार्ड छिद्रित करावे लागे. एखादा स्वल्पविराम राहिला तर संपूर्ण काम परत येई आणि पुन्हा रांगेत थांबावे लागे. त्यामुळे कार्डे देण्यापूर्वी विद्यार्थी आपली आज्ञावली कागदावर दोन-तीनदा तपासून पाहत असे. आपली चूक आपणच शोधण्याची ही शिस्त यंत्राच्या तुटवड्याने लावली होती. त्यामागे कोणतेही शैक्षणिक धोरण नव्हते. यंत्रे स्वस्त झाली आणि तुटवडा संपला, तेव्हा ती शिस्त दुसऱ्या कशातून लावायची, याचा विचार मात्र फारसा झाला नाही.

अभ्यासक्रम मागे पडण्याचे बहुपरिचित उदाहरण टर्बो सीचे आहे. बोरलँड कंपनीचे हे साधन डॉस प्रणालीसाठी तयार झालेले होते. सी भाषेचे प्रमाणीकरण १९८९ मध्ये आणि सी प्लस प्लसचे १९९८ मध्ये झाले. तरीही देशातील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत २०१० नंतरही हेच साधन वापरले जात होते. नव्या ६४ बिटांच्या विंडोजवर ते चालेना, तेव्हा संगणकातच आभासी डॉस उभारून ते चालवण्यात आले! टर्बो सीमध्ये पूर्णांकाला १६ बिटांची जागा मिळते. त्यामुळे ३२,७६७ मध्ये एक मिळवला की उत्तर उणे ३२,७६८ येते. आजच्या संगणकांवर सर्वसाधारणपणे ३२ बिटांचा पूर्णांक असल्याने तोच प्रयोग ३२,७६८ हे अपेक्षित उत्तर देतो. 'पूर्णांकाची कमाल मर्यादा ३२,७६७' एवढे पाठ करणाऱ्याचे ज्ञान यंत्र बदलताच चुकीचे ठरते. ही मर्यादा बिटांच्या संख्येतून येते, हे ज्याला उमगले त्याला कोणत्याही यंत्रावर ती काढता येते. वर्गात टर्बो सी होते की आणखी काही, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम आहे.

तरीही जुने साधन इतकी वर्षे का टिकते, याचे कारण आपल्या संलग्नतेच्या पद्धतीत आहे. विद्यापीठाचे अभ्यासमंडळ अभ्यासक्रम ठरवते आणि तो शहरातील सुसज्ज महाविद्यालयापासून तालुक्याच्या ठिकाणच्या लहान महाविद्यालयापर्यंत सर्वांना लागू होतो. एक साधन बदलायचे म्हटले तरी प्रयोगशाळा, शिक्षकांची तयारी, पाठ्यपुस्तके आणि प्रश्नपत्रिका हे सारे एकाच वेळी बदलावे लागते. स्वायत्त महाविद्यालयांना हे तुलनेने लवकर जमते. इतरांना सर्वांत मागच्या महाविद्यालयाच्या गतीने चालावे लागते.

याहून गंभीर दोष मूल्यमापनात आहे. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना 'जर्नल' वेगळे समजावून सांगायला नको. आज्ञावली आणि तिचे उत्तर हाताने उतरवून काढायचे, त्यावर सही घ्यायची आणि सत्राच्या शेवटी 'सबमिशन' करायचे, अशी ही रीत आहे. मागील वर्षाच्या विद्यार्थ्याची वही समोर ठेवूनही ती पूर्ण करता येते. लेखी परीक्षेत तर आज्ञावली कागदावरच लिहायची असते. ती चालते की नाही, हे पाहण्याचा प्रसंगच येत नाही. कंपनीत पहिल्या दिवसापासून करावे लागते ते काम याच्या नेमके उलट असते. दुसऱ्याने लिहिलेली, हजारो ओळींची आणि कुठेतरी अडखळणारी आज्ञावली वाचून तिच्यातील चूक शोधावी लागते. चुकीच्या आज्ञावलीसाठी जर्नलमध्ये पान नसते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाल्यापासून ही उणीव अधिकच उघडी पडली आहे. नेहमीचा स्वाध्याय असे साधन काही क्षणांत सोडवून देते आणि उतरवण्यासाठी आता वरच्या वर्गाच्या वहीचीही गरज उरलेली नाही. अशा वेळी तोंडी परीक्षेचे मोल वाढते. समोर बसलेल्या विद्यार्थ्याला 'ही ओळ काढून टाकली तर काय होईल?' एवढे विचारले तरी पुष्कळ कळते. मात्र एका दिवसात मोठी तुकडी संपवायची असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला मोजकीच मिनिटे येतात.

भाषेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास मान्यता दिल्यानंतर २०२१-२२ पासून पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू करण्यात आला. संगणकाला द्यावयाच्या आज्ञा आणि त्याच्याकडून येणारे चुकांचे संदेश इंग्रजीतच असतात, मग मराठीचा उपयोग काय, अशी शंका त्यावर घेतली जाते. परंतु आज्ञावलीच्या भाषेतील राखीव इंग्रजी शब्द फार थोडे असतात. सी भाषेच्या मूळ प्रमाणात ते केवळ ३२ होते. अडचण त्या शब्दांची नसते. चूक का झाली, याचे कारण शोधताना मनात जो युक्तिवाद चालतो, तो ज्या भाषेत सहज चालतो त्या भाषेत शिक्षकाशी बोलता आले, तर विद्यार्थी प्रश्न विचारण्याचे धाडस करतो. 'ॲरे' आणि 'पॉइंटर' हे शब्द तसेच ठेवण्यास हरकत नाही. त्यांचे स्पष्टीकरण मराठीत हवे.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने हा मार्ग आधीच चोखाळला आहे. त्याचे छोटे ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. विद्यार्थ्याने पाठ मध्येच थांबवायचा, जे दाखवले ते आपल्या यंत्रावर करून पाहायचे आणि मगच पुढे जायचे, अशी त्यांची रचना आहे. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' मंचावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांकही पदवीत धरता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी त्यांची मर्यादा एका सत्रातील अभ्यासक्रमांच्या ४० टक्क्यांपर्यंत वाढवली. त्यामुळे तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला नामवंत संस्थांतील प्राध्यापकांचे व्याख्यान आता मिळू शकते. प्रयोगशाळेत त्याच्या शेजारी उभे राहून त्याची चूक त्यालाच शोधायला लावणारा शिक्षक मात्र त्याच्या महाविद्यालयालाच नेमावा लागेल.